भाऊबीजेला जन्मरत्न देताय? आधी तिचे हात आठवा

मे महिन्यातला जन्म, नोकरी हॉस्पिटलात नर्सची. धाकट्या भावाने नोकरी लागल्यावरच्या पहिल्या भाऊबीजेला या बहिणीसाठी पाचूची अंगठी घेतली. मी तेव्हा एका सराफी पेढीत खड्यांच्या काउंटरवर होते. अंगठी मीच दाखवली आणि डबीत घालून मीच हातात दिली. संक्रांतीच्या सुमारास ती दुरुस्तीला परत आली. खड्याच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला होता, आणि आतल्या ज्या भेगा आधी डोळ्यांत भरत नव्हत्या त्या पांढुरक्या दिसायला लागल्या होत्या. दिवसभर सॅनिटायझर, हातमोजे चढवायचे-उतरवायचे, पलंगांच्या लोखंडी कडा. पाचू अस्सल होता, भावाने पैसेही मनापासून मोजले होते. तोच खडा कानात किंवा गळ्यात असता तर तिच्या मुलीपर्यंत टिकला असता.

त्यानंतर मी गिऱ्हाइकाला महिना विचारायच्या आधी एक प्रश्न विचारत आले: ज्यांना द्यायचंय त्या दिवसभर हातांनी काय करतात? पहिल्यांदाच जन्मरत्नाचा दागिना घेणाऱ्यांसाठी हा लेख त्याच प्रश्नाभोवती लिहिला आहे.

पहिली पायरी: महिना नक्की करा, आणि राशीचं रत्न वेगळं ठेवा

आज दुकानांत 'बर्थस्टोन' म्हणून जी बारा महिन्यांची यादी लावलेली असते ती आपल्या पंचांगातली नाही. अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने १९१२ साली भरलेल्या बैठकीत ती ठरवली. पुढे तिच्यात भर पडत गेली: १९५२ साली जूनसाठी अलेक्झांड्राइट आणि नोव्हेंबरसाठी सिट्रीन आलं, २००२ साली डिसेंबरसाठी टँझनाइट, २०१६ साली ऑगस्टसाठी स्पिनेल. ही यादी इंग्रजी महिन्यांवर चालते, ग्रहांशी तिचा संबंध नाही.

आपल्याकडची नवरत्नं ग्रहांशी जोडलेली आहेत: रवीचं माणिक, चंद्राचा मोती, मंगळाचं पोवळं, बुधाचा पाचू, गुरूचा पुष्कराज, शुक्राचा हिरा, शनीचा नीलम, राहूचा गोमेद, केतूचा लसण्या. ती पत्रिका पाहून घालतात. म्हणून सप्टेंबरात जन्मलेल्या वहिनीसाठी नीलम घ्यायचा विचार असेल तर घरात आधी विचारा. नीलम 'लागतो' असं मानणारी घरं पुष्कळ आहेत, आणि सासूबाईंच्या मनात शंका राहिली तर ती अंगठी डबीतच राहील. तुमचा विश्वास असो नसो, भेट घालणाऱ्याच्या मनाला रुचली पाहिजे. अशा वेळी निळ्या रंगाचा दुसरा एखादा खडा घ्या, किंवा सरळ दुसरा दागिना बघा.

आई, आजी, मावशी यांच्यासाठी घेताना आणखी एक गोष्ट तपासा. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहून टाकली. खरा जन्म श्रावणातला किंवा 'संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचा' निघतो. विचारून बघा. त्या निमित्ताने जे ऐकायला मिळतं ते दागिन्याइतकंच मोलाचं असतं. नाहीच कळलं, तर जूनचं रत्न मोती आहे आणि मोती आजीला शोभतोच.

आता यादी. जानेवारी गार्नेट, फेब्रुवारी अ‍ॅमेथिस्ट (बाजारात कटेला किंवा जमुनिया), मार्च अ‍ॅक्वामरीन, एप्रिल हिरा, मे पाचू, जून मोती, मूनस्टोन किंवा अलेक्झांड्राइट, जुलै माणिक, ऑगस्ट पेरिडॉट किंवा स्पिनेल, सप्टेंबर नीलम, ऑक्टोबर ओपल किंवा टुर्मलीन, नोव्हेंबर टोपाझ किंवा सिट्रीन (सुनेला), डिसेंबर टँझनाइट, झिरकॉन किंवा फिरोजा.

यातल्या तीन नावांवर नवीन माणूस हमखास अडखळतो. टोपाझला काही ठिकाणी पुष्कराज म्हणतात, पण सराफाकडचा पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम. तो वेगळा खडा आहे आणि किमतीत मोठं अंतर आहे. गोमेद हा गार्नेटच्याच कुळातला, पण मधाच्या रंगाचा आणि राहूचा. जानेवारीच्या यादीत अभिप्रेत असतं ते सहसा डाळिंबी लाल गार्नेट. आणि 'झिरकॉन' मागितलंत तर बरेच दुकानदार तुमच्यापुढे अमेरिकन डायमंड ठेवतील. अमेरिकन डायमंड म्हणजे कारखान्यात बनवलेलं क्युबिक झिरकोनिया. खाणीतून निघणारं झिरकॉन हे निराळं खनिज आहे. डिसेंबरसाठी घेत असाल तर 'नॅचरल झिरकॉन' असं म्हणा आणि बिलावर तसंच लिहून घ्या.

दुसरी पायरी: हातांकडे बघा, मग दागिना ठरवा

खड्याचा कठीणपणा मोजायची पट्टी जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोह्स यांनी १८१२ साली मांडली. एक ते दहा. हिरा १०, माणिक आणि नीलम ९, टोपाझ आणि स्पिनेल ८, पाचू आणि अ‍ॅक्वामरीन साडेसात ते ८, अ‍ॅमेथिस्ट आणि सिट्रीन ७, गार्नेट आणि पेरिडॉट साताच्या आसपास, टँझनाइट ६ ते ७, ओपल साडेपाच ते साडेसहा, फिरोजा ५ ते ६, मोती जेमतेम अडीच ते साडेचार.

यात सात हा आकडा लक्षात ठेवा. आपल्या घरातल्या, रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळूचा कठीणपणा ७ आहे. सातच्या खालचा खडा पदराने कोरडाच पुसलात तरी हळूहळू त्यावर बारीक ओरखडे उठतात आणि चमक मरते. पॉलिश उतरलेले ओपल आणि टँझनाइट काउंटरवर यायचे तेव्हा मालकीणबाई सांगायच्या, 'मी तर रोज पुसत होते.'

पण कठीण म्हणजे मजबूत, असं समजू नका. ओरखडा न उठणं वेगळं आणि आपटल्यावर न फुटणं वेगळं. टोपाझ ८ असूनही त्याच्या अंगात एक अशी दिशा असते की नेमका तिथे फटका बसला तर तो सरळ दुभंगतो. टँझनाइटचं आणि मूनस्टोनचंही तसंच. पाचूत जन्मजातच बारीक भेगा असतात. हिरासुद्धा कडेवर जोरात आपटला तर टवका उडतो.

म्हणून मी अशी विभागणी करते. रोज वापरायच्या अंगठीसाठी नीलम, माणिक, हिरा, स्पिनेल. सांभाळून वापरणार असेल तर अ‍ॅक्वामरीन, अ‍ॅमेथिस्ट, गार्नेटही चालतील. पाचू, टोपाझ, टँझनाइट, ओपल, मूनस्टोन, फिरोजा आणि मोती शक्यतो कानात किंवा गळ्यात. कानातल्याला आपटायला काही नसतं, पेंडंटला थोडंच असतं, अंगठी आणि ब्रेसलेट मात्र दिवसभर मार खातात.

आता माणूस डोळ्यांपुढे आणा. रोज कणीक मळणारी, भांडी घासणारी, शिक्षिका असेल तर खडूची धूळ, लॅबमध्ये असेल तर रसायनं, दुचाकीचं हँडल, जिममधले डंबेल. सराव करणाऱ्या तबलजीला किंवा सतार शिकणाऱ्या मुलीला अंगठी अडतेच. ऑफिसात कीबोर्डवर काम करणाऱ्यांचं त्या मानाने सोपं. मोबाइल धरताना उंच कोंदणाची अंगठी मधे येते, तेवढं बघा. लहान बाळाची आई असेल तर अंगठीही नको आणि लोंबतं कानातलंही नको. घट्ट फिरकीचे छोटे टॉप्स घ्या.

त्या नर्सताईंच्या पाचूचं पुढे काय झालं तेही सांगते. कारागिराने टवका उडालेला कोपरा घासून खडा थोडा लहान केला, पाचूच्या भेगांत पुन्हा तेल भरलं आणि तो पेंडंटमध्ये चारही बाजूंनी बंद कोंदणात बसवला. त्यानंतर तो दुरुस्तीला आला नाही.

तिसरी पायरी: खडा बघताना काय विचारायचं

दुकानातले दिवे खड्याला खुलवण्यासाठीच लावलेले असतात. आवडलेला खडा दुकानाच्या दारापाशी, दिवसाच्या उजेडात न्या. चांगला सराफ याला कधीही हरकत घेत नाही. टँझनाइट पिवळ्या दिव्याखाली जांभळ्याकडे झुकतो आणि उजेडात निळा दिसतो, अलेक्झांड्राइट तर रंगच बदलतो. संध्याकाळी घाईने घेतलेला रंग सकाळी वेगळाच निघायला नको.

मग विचारा: 'याच्यावर काय प्रक्रिया झाली आहे?' हा प्रश्न विचारायला संकोचू नका. प्रक्रिया म्हणजे फसवणूक नव्हे. न सांगता विकणं ही फसवणूक. माणिक आणि नीलम तापवून रंग सुधारणं जगभर चालतं आणि ते टिकाऊ असतं. निळा टोपाझ बहुतेक वेळा रंगहीन टोपाझवर किरणांचा मारा करून आणि तापवून तयार होतो. बाजारातलं बरंचसं सिट्रीन हे तापवलेलं अ‍ॅमेथिस्ट असतं. पाचूच्या भेगांत तेल भरलेलं असतं. थोडं तेल सर्वमान्य आहे. सावध राहायचं ते काच भरलेल्या माणकापासून. हलक्या प्रतीच्या माणकातल्या भेगा शिशाच्या काचेने भरतात, खडा लालबुंद आणि मोठा दिसतो, किंमतही मोहात पाडते. पण लिंबाचा किंवा चिंचेचा आंबटपणासुद्धा ती काच खातो, आणि अंगठी सैल-घट्ट करायला सोनाराने आच दिली की खडा खराब होतो. भिंगातून पाहिलं तर आत बुडबुडे दिसतात.

लॅबमध्ये वाढवलेला हिरा हा हिराच असतो, रसायनानेही आणि कठीणपणानेही. किंमत खाणीतल्यापेक्षा पुष्कळ कमी, पण पुढे मोडताना मोल मिळेल ही आशा धरू नका. भेट म्हणून मला तो पटतो, फक्त देताना तसं सांगून द्या.

महाग खडा असेल तर प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागा. जीआयए, आयजीआय, जयपूरची आयआयजीजे-आरएलसी (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी), मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया यांच्यासारख्यांचा. दुकानाने स्वतः छापलेलं कार्ड म्हणजे रिपोर्ट नव्हे. रिपोर्टवर खड्याचं नाव, वजन, नैसर्गिक की लॅबमधला, आणि प्रक्रिया कोणती एवढं वाचा. कमी किमतीच्या अ‍ॅमेथिस्ट किंवा गार्नेटसाठी रिपोर्टचा खर्च करू नका. बिलावर नाव स्पष्ट लिहून घेतलं की पुरे.

मोत्यांसाठी एक जुनी, उपयोगी खूण: दोन मोती एकमेकांवर हलके घासा. अस्सल मोत्याला किंचित खरखरीत लागतं, काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत सरकतो. यातून तो समुद्रात आपोआप झालेला की पाळलेल्या शिंपल्यातला हे कळत नाही. आज मिळणारे जवळजवळ सगळे मोती पाळलेल्या शिंपल्यांतलेच असतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

चौथी पायरी: कोंदण, सोनं आणि बिल

'कॅरेट' हा शब्द इथे दोन अर्थांनी येतो. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, खड्याचा कॅरेट म्हणजे वजन: १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. काही दुकानदार रत्तीत वजन सांगतात. जुन्या हिशोबात ८ गुंजांचा मासा आणि १२ मासे म्हणजे तोळा, म्हणून गुंज किंवा रत्ती साधारण ०.१२ ग्रॅमची, खड्यांच्या बाजारातली रत्ती मात्र त्याहून बरीच जड धरतात. वाद नको असेल तर भाव कॅरेटमध्येच विचारा.

आपल्याकडे २२ कॅरेटचा आग्रह असतो, पण खड्याच्या दागिन्यात १८ कॅरेट मला जास्त योग्य वाटतं. २२ कॅरेट सोनं मऊ, त्यामुळे खडा धरून ठेवणारी बारीक नखं वाकतात आणि ओढणीत अडकून उघडतात. नखांपेक्षा बंद कोंदण, म्हणजे खड्याभोवती सोन्याची सलग कड, जास्त सुरक्षित. खडा थोडा लहान दिसतो, पण टिकतो. नाजूक खड्यांसाठी मी तेच सुचवते.

हॉलमार्क, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेचा शिक्का, जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असलेलेच हॉलमार्क दागिने विकता येतात. दागिन्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०) आणि हा क्रमांक शोधा. बीआयएस केअर अ‍ॅपवर क्रमांक टाकला की तपशील दिसतो. दोन ग्रॅमहून हलक्या वस्तूंना सक्तीतून सूट आहे, म्हणून बारीक टॉप्सवर खूण नसू शकते. आणि हॉलमार्क फक्त धातूबद्दल बोलतो. खड्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

बिल तिथेच उभं राहून वाचा. एकूण वजन, खड्याचं वजन, ते वजा जाता राहिलेलं निव्वळ सोनं, घडणावळ, खड्याची किंमत आणि कर हे सगळं वेगवेगळं दिसलं पाहिजे. खड्याचं वजन सोन्याच्या भावात मोजलं जातंय का, हे तपासायची जागा हीच. बदलून घेताना किंवा मोडताना खड्याचे किती धरणार हेही आत्ताच विचारा. बहुतेक ठिकाणी सोन्याचेच पैसे मिळतात.

सोन्याचा भाव परवडत नसेल तर ९२५ चांदीत अ‍ॅमेथिस्ट, गार्नेट किंवा सिट्रीन सुंदर दिसतं. कॉलेजातल्या बहिणीला मी तेच देईन. सोन्याचा मुलामा दिलेल्या पितळेत मात्र चांगला खडा जडवू नका.

पाचवी पायरी: वेळेवर जा

धनत्रयोदशीला पेढीत पाय ठेवायला जागा नसते, आणि खडा बघायला तर शांतता लागते. पितृपक्षात पेढ्या रिकाम्या असतात. त्या पंधरवड्यात आपण खरेदी करत नाही, पण बघायला, विचारायला, दोन-चार दुकानं फिरायला कुणी अडवत नाही. सगळं ठरवून ठेवा, घटस्थापनेला ऑर्डर द्या. घडवून घ्यायचं असेल तर कारागिराला तीन-चार आठवडे लागतातच, आणि दसऱ्यानंतर त्याच्यावर कामाचा डोंगर असतो.

अंगठीचं माप गुपचूप घ्यायचं असेल तर तिची वापरातली अंगठी, त्याच बोटातली, तासाभरासाठी मिळवा आणि सराफाच्या मापाच्या दांडीवर चढवा. दोऱ्याने घेतलेलं माप चुकतं. उन्हाळ्यात आणि संध्याकाळी बोटं सुजतात हेही धरा. मोती आणि पाचूची अंगठी नंतर सैल-घट्ट करणं जोखमीचं, कारण आच चालत नाही.

शेवटची पायरी: निगा, आणि ती लिहून द्या

डबीत एक छोटी चिठ्ठी ठेवा: खड्याचं नाव, त्यावरची प्रक्रिया, कसा धुवायचा, काय टाळायचं. बिलाची आणि रिपोर्टची प्रतही. किंमत झाकायची तर झाका, पण माहिती झाकू नका.

दिवाळीतच पहिली परीक्षा असते. अभ्यंगस्नानाला उटणं आणि तेल, पाडव्याला नवऱ्याला तेल लावताना हातातली अंगठी, चकलीचं पीठ मळणं. आधी उतरवा. उटण्याची पूड कोंदणाच्या मागे जाऊन बसते आणि खडा मंद दिसायला लागतो. लोकांना वाटतं खड्याचं पाणी गेलं.

बहुतेक कठीण खड्यांसाठी एकच पद्धत पुरते. वाटीत कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, दहा मिनिटं भिजवून लहान मुलांच्या मऊ ब्रशने खड्याची मागची बाजू हलकी घासा, स्वच्छ पाण्यात खळबळवा, मऊ सुती कापडाने टिपा. बेसिनवर धुऊ नका. निसटलेला खडा जाळीतून जायला क्षण लागत नाही. टूथपेस्ट वापरू नका, तिच्यात घासणारी पूड असते आणि सोन्यावर व मऊ खड्यांवर ओरखडे पडतात. दुकानातल्या थरथरणाऱ्या सफाईयंत्रात हिरा, आणि भेगा न भरलेला नीलम किंवा माणिक टाकायला हरकत नाही. पाचू, ओपल, टँझनाइट, मोती आणि फिरोजा कधीच नको. पाचूला सॅनिटायझर आणि नेलपॉलिश रिमूव्हरही नको, आतलं तेल निघून जातं. अ‍ॅमेथिस्ट खिडकीतल्या कडक उन्हात महिनोन्‌महिने राहिलं तर फिकं पडतं. ओपल बऱ्याचदा पातळ थर चिकटवून केलेला असतो, म्हणून तो भिजत घालू नका, ओलसर कापडाने पुसा.

मोत्यांविषयी जरा जास्त सांगते, कारण नथ, कुडी, तन्मणी घराघरांत आहेत आणि सगळ्यात जास्त हाल त्यांचेच होतात. मोत्याचा थर चुन्याच्या जातीचा. घाम, अत्तर, हेअर स्प्रे, लिंबू, व्हिनेगर हे सगळं तो थर झिजवतं. साजशृंगार पूर्ण झाल्यावर मोती शेवटी चढवायचे आणि घरी आल्यावर सगळ्यांत आधी उतरवायचे. उतरवल्यावर किंचित ओलसर मऊ कापडाने पुसा, तासभर हवेवर ठेवा, मग मलमलीत गुंडाळून डबीत. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं कोंडू नका. सराची दोरी ओली असताना लटकवू नका, ती ताणते. वापरातला सर दर एक-दोन वर्षांनी रेशमात पुन्हा गाठवून घ्या, दोन मोत्यांमध्ये गाठ मारून. म्हणजे तुटला तरी एकच मोती पडतो. हे काम करणारे पटवेकरी आता कमी राहिलेत. तुमच्या गावात एखादा असेल तर त्याच्याकडेच जा.

ठेवताना प्रत्येक दागिना वेगळ्या कप्प्यात किंवा कापडी थैलीत. एकाच डबीत हिऱ्याच्या अंगठीशेजारी पेरिडॉटचं पेंडंट ठेवलं तर हिरा त्याला ओरबाडणारच. चांदी मुंबईच्या आणि कोकणाच्या दमट हवेत पटकन काळवंडते. ती मात्र बंद पिशवीत ठेवा, आणि मोती तिच्यात नको.

वर्षातून एकदा, नवरात्राच्या आधी, दागिना कानाजवळ धरून हलकेच हलवा. खडा कोंदणात खुळखुळला किंवा एखादं नख ओढणीच्या धाग्यात अडकायला लागलं, तर घालणं त्याच दिवशी थांबवा आणि तो कारागिराकडे न्या. नख दाबून बसवायला त्याला पाच मिनिटं लागतात.